बॉयलरशेजारचा माणूस

दसऱ्याच्या मागेपुढे महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आवारात एक समारंभ हटकून होतो. त्याचे नाव बॉयलर अग्निप्रदीपन. कारखान्याचे अध्यक्ष किंवा एखादे संचालक सपत्नीक पूजेला बसतात, नारळ फुटतो, भट्टीत अग्नी पडतो आणि यंदाच्या हंगामाची नांदी झाली असे जाहीर होते. गव्हाणीत मोळी टाकण्याचा कार्यक्रम त्यानंतरचा. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छायाचित्र येते. त्यात अध्यक्ष असतात, उपाध्यक्ष असतात, कार्यकारी संचालक असतात, बहुधा तालुक्याचे आमदारही असतात. मात्र पुढचे काही महिने त्या भट्टीची आग, त्या ड्रममधील पाणी आणि त्या वाफेचा दाब ज्याच्या नजरेखाली राहणार, तो बॉयलर अटेंडंट त्या छायाचित्रात सहसा सापडत नाही.

छायाचित्रात जागा मिळणे न मिळणे हा काही मोठा प्रश्न नव्हे. पण कायद्यात, कारखान्याच्या हजेरीपटावर आणि अपघातानंतरच्या चौकशीत त्या माणसाला कोणती जागा आहे, हा प्रश्न निश्चितच मोठा आहे. शंभर वर्षांहून जुना बॉयलर कायदा मोडीत काढून संसदेने २०२५ साली नवा कायदा केला. त्याची चर्चा उद्योजकांच्या संघटनांमध्ये झाली, अभियंत्यांच्या संस्थांमध्ये झाली. कामगार चळवळीत ती व्हावी तेवढी झाली नाही. बॉयलर हा तंत्रज्ञांचा विषय आहे, असे मानून चळवळीने तो सोडून दिला असेल, तर ती चूक वेळीच सुधारली पाहिजे.

वाफेची व्याप्ती

वाफेचे युग संपले, असा एक सर्वसाधारण समज आहे. रुळांवरून वाफेचे इंजिन गेले, त्यामुळे तो पक्का झाला. भारतातील ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ साली थांबली. पण इंजिन गेले म्हणून वाफ गेली नाही. ती डोळ्यांआड झाली इतकेच. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे या नावांनी महाराष्ट्राला जी वीज ठाऊक आहे, ती कोळशाची वीज म्हणून ओळखली जात असली तरी जनित्र फिरवते ती वाफच. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचांत ही वाफ दर चौरस सेंटिमीटरला अडीचशे किलोच्या आसपास दाबाने तयार होते.

साखर कारखान्यात तर वाफेला दुहेरी काम आहे. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बगॅस उरतो. त्यात निम्मे पाणी असते, तरी तो भट्टीत उत्तम जळतो. त्यावर तयार झालेली वाफ आधी टर्बाइन फिरवते, आणि तेथून बाहेर पडलेली, दाब उतरलेली वाफ उसाचा रस तापवते व आटवते. जुन्या कारखान्यांतील बॉयलर २१ किलो दाबाचे असत. सहवीजनिर्मिती आली, वीज विकून चार पैसे मिळू लागले, तसे ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर बसू लागले. म्हणजे सहकाराच्या मुलखात वाफेचा दाब एका पिढीत चौपट-पाचपट वाढला.

याखेरीज इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये सुताला खळ लावून ते वाफेने तापलेल्या सिलिंडरवर वाळवतात. रंगाई-धुलाईच्या कारखान्यांत कापड वाफेवरच तयार होते. गोंदिया-भंडाऱ्याकडे उसना तांदूळ वाफेवर होतो. दूधसंघात दूध वाफेने निर्जंतुक होते, इस्पितळात शस्त्रक्रियेची अवजारे वाफेने शुद्ध होतात. औषधे, कागद, टायर, बिस्किटे यांपैकी कोणत्याही कारखान्याच्या मागच्या अंगाला गेल्यास एक धुराडे, एक पत्र्याची शेड आणि त्या शेडमध्ये काचेच्या नळीतील पाण्याकडे पाहत बसलेला एक माणूस दिसतो. महाराष्ट्राच्या उद्योगांचा फार मोठा भाग त्या काचेवर उभा आहे.

वाफेला एवढे महत्त्व का, याचे उत्तर तिच्या स्वभावात आहे. एक किलो पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला १०० किलोकॅलरी उष्णता पुरते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायची, तर आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. ही उष्णता वाफ आपल्या पोटात घेऊन नळावाटे हवी तेथे जाते आणि थंड होताना ती परत करते. उष्णतेची इतकी सोयीची वाहतूक दुसऱ्या कोणत्याही साध्या पदार्थाला जमत नाही.

धोकाही याच गुणात आहे. दहा किलो दाबाच्या बॉयलरमधील पाण्याचे तापमान १८० अंशांच्या वर असते. दाबामुळे ते पाणीच राहते. कवच फाटले की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा सुमारे सहावा हिस्सा तत्क्षणी वाफ होतो. एक टन पाणी असेल तर त्यातून अडीचशे घनमीटरांहून अधिक वाफ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उसळते. स्फोटात भिंती पडतात, छपरे उडतात, शेजारच्या शेडमधील माणसे मरतात. बॉयलर ज्याच्या मालकीचा, त्याच्या कुंपणाशी तो धोका थांबत नाही. म्हणूनच बॉयलर ही मालकाची खाजगी बाब आहे, हे म्हणणे कोणत्याही सुसंस्कृत समाजाने फार काळ चालू दिलेले नाही.

पोराचा दोष की रचनेचा?

या बाबतीत इतिहास मोठा बोलका आहे. रिचर्ड ट्रेव्हिथिक हा कॉर्नवॉलचा अभियंता उच्च दाबाच्या वाफेचा आद्य पुरस्कर्ता. १८०३ सालच्या सप्टेंबरमध्ये ग्रीनिच येथे त्याने बसवलेल्या एका यंत्राचा बॉयलर फुटला आणि माणसे दगावली. यंत्रावर एक पोरगा नेमलेला होता. तो सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून ठेवून वाम मासे पकडायला गेला आणि त्याच्या गैरहजेरीत यंत्र थांबवले गेले, अशी हकीकत आहे. दोष पोराचा, असे म्हणून प्रकरण मिटवणे अगदी सोपे होते. ट्रेव्हिथिकनेही पोराला दोष दिला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने पुढच्या बॉयलरांना दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह दिला आणि भट्टीच्या माथ्यावर शिशाचा एक डट्टा बसवला. पाणी खाली गेले की डट्टा वितळतो, वाफ भट्टीत शिरते आणि बोंब होते. चूक करणारे पोर उद्याही असणार, तेव्हा पोराच्या चुकीने माणसे मरणार नाहीत अशी रचना हवी, हे त्याच्या ध्यानात आले. फ्युजिबल प्लग नावाने तो डट्टा आजही अनेक बॉयलरांत आहे.

तंत्रज्ञाला जे १८०३ मध्ये उमगले, ते मालकांना आणि सरकारांना उमगायला मात्र कित्येक दशके लागली. इंग्लंडमध्ये कापडगिरण्यांचे बॉयलर फुटत राहिले. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी १८५४ साली आपली संस्था काढून स्वेच्छेने तपासणी सुरू केली. पुढे बॉयलरचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या आल्या आणि त्यांनी आपले तपासनीस नेमले. १८८२ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वतंत्र कायदा करून प्रत्येक बॉयलरस्फोटाची सरकारी चौकशी सक्तीची केली आणि त्या चौकशांचे अहवाल छापले जाऊ लागले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन गावी २० मार्च १९०५ रोजी बुटांच्या कारखान्यातील बॉयलर फुटला, इमारत कोसळून पेटली आणि ५८ माणसे गेली. दोन वर्षांनी त्या राज्याने बॉयलरचा कायदा केला.

हिंदुस्थानातही हाच क्रम दिसतो. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे झाले. त्यांत मेळ राहिला नाही, म्हणून १९२० साली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. परक्या सरकारला कामगारांचा कळवळा होता असे नव्हे. पण दाबाखालच्या भांड्याची तपासणी मालकाच्या सदसद्विवेकावर सोडता येत नाही, एवढे त्या सरकारलाही पटले होते. स्वतंत्र भारताच्या संविधानाने बॉयलर हा विषय समवर्ती सूचीत ठेवला. केंद्राने नियम करावे, राज्याने तपासणी करावी, अशी वाटणी झाली. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय करते.

तपासणीचा नवा व्यवहार

हे शंभर वर्षांचे घर गेल्या दोन दशकांत आतून बदलले. २००७ सालच्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाच्या जोडीला सक्षम व्यक्ती व मान्यताप्राप्त तपासणी संस्था आल्या. पुढे उद्योगसुलभतेच्या निकषांवर राज्यांची क्रमवारी लावण्याची प्रथा पडली, आणि बॉयलरची तपासणी तिसऱ्या पक्षाकडून करू देणे हा त्यातला एक निकष झाला. २०२५ च्या कायद्याने जुन्या कायद्याची भाषा सुटसुटीत केली, कालबाह्य कलमे गाळली आणि सात अपराधांपैकी तीन अपराध फौजदारी कक्षेतून काढून त्यांना केवळ आर्थिक दंड ठेवला. चार गंभीर अपराधांसाठी फौजदारी शिक्षा कायम आहे. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड हा त्यांतलाच एक, आणि हे योग्यच झाले. तथापि, राज्य सरकारला सूट देण्याचा जो अधिकार जुन्या कायद्यात होता तो नव्यातही राहिला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

या बदलांवर सरसकट झोड उठवणे न्यायाचे होणार नाही. जुनी पद्धत काही स्वच्छ गंगा नव्हती. निरीक्षकाची तारीख मिळेपर्यंत बॉयलर थंड पडून राहणे, तारीख लवकर मिळावी म्हणून पाकीट पोचवणे, शेडबाहेर खुर्ची टाकून चहा घेता घेता दाखल्यावर सही होणे, हे प्रकार कामगारांनी पाहिलेले आहेत. इन्स्पेक्टर राज हा शब्द उद्योजकांनी आपल्या सोयीसाठी वापरला हे खरे, पण तो हवेतून आलेला नव्हता. सरकारी तपासणी म्हणजे लोकांची तपासणी, असे समीकरण डोळे मिटून मांडणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

प्रश्न निराळा आहे. तपासनीस कोणाचे मीठ खातो, हा तो प्रश्न आहे. इंग्लंड-अमेरिकेत खाजगी तपासणी काही प्रमाणात यशस्वी झाली, तिचे कारण तपासनीस विमा कंपनीचा होता. बॉयलर फुटला तर भरपाई त्या कंपनीच्या खिशातून जायची. त्यामुळे कडक तपासणी करण्यातच तिचा फायदा होता. येथे ज्या तिसऱ्या पक्षाची भलामण होते, त्याला शुल्क मिळते ते ज्याचा बॉयलर तपासायचा त्याच मालकाकडून. तो कडक वागला तर पुढल्या वर्षी मालक दुसऱ्या तपासनिसाकडे जाऊ शकतो. तो सैल वागला आणि दुर्दैवाने बॉयलर फुटला, तर मरणारा तपासनीस नसतो आणि भरपाई देणाराही तपासनीस नसतो. सरकारी निरीक्षकाचा भ्रष्टाचार हा नियमाचा भंग तरी होता. येथे हितसंबंधांचा गुंता नियमातच गुंफला गेला आहे. लाच बंद करण्याचा उपाय म्हणून लाचेची गरजच उरू नये अशी व्यवस्था करणे, हा सुधारणेचा मार्ग नव्हे.

मालकी बदलली म्हणून

येथे एक कटू गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. खाजगी मालक नफ्यासाठी माणूस जाळतो आणि सार्वजनिक उद्योग त्याला जपतो, असे सोपे चित्र बॉयलरच्या बाबतीत टिकत नाही. उत्तर प्रदेशातील उंचाहार येथील औष्णिक वीजकेंद्र सार्वजनिक क्षेत्रातले. तेथे ५०० मेगावॉटचा नवा संच नुकताच चालू झाला होता. भट्टीच्या तळाशी राख साचून तिचे दगडासारखे ढेकूळ झाले. संच बंद न करता ती राख काढण्याचे काम चालू असताना १ नोव्हेंबर २०१७ रोजी तप्त वायू आणि वाफ बाहेर फुटली. चाळीसहून अधिक माणसे गेली आणि त्यांत कंत्राटी मजुरांचा भरणा मोठा होता. तामिळनाडूतील नेयवेली हेही सार्वजनिक क्षेत्राचे केंद्र. तेथे २०२० साली ७ मे रोजी एकदा आणि १ जुलै रोजी पुन्हा एकदा बॉयलरशी माणसे भाजून मेली. पहिल्या अपघातानंतर दोन महिनेही उलटले नव्हते.

खाजगी क्षेत्राची कहाणी यापेक्षा बरी नाही. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या औद्योगिक वसाहतीत २६ डिसेंबर २०२१ रोजी नूडल्सच्या कारखान्याचा बॉयलर फुटला आणि किमान सात कामगारांचा बळी गेला. बॉयलरला मालकी कळत नाही. त्याला पाण्याची पातळी, पोलादाची जाडी आणि आगेचा जोर एवढेच कळते. म्हणून उद्योग कोणाच्या मालकीचा, एवढे विचारून चळवळीचे काम संपत नाही. आग थांबवण्याचा अधिकार कोणाला, हेही विचारावे लागते.

बॉयलर अटेंडंटला शिकवणीच्या पहिल्या दिवसांत एक नियम सांगतात. गेज ग्लासमधील पाणी दिसेनासे झाले, तर घाबरून फीड पंप चालू करू नये. तापून लाल झालेल्या पोलादावर गार पाणी घालणे म्हणजे संकटाला आवतण देणे होय. आधी आग मारावी, बॉयलर निवू द्यावा, मग कारण शोधावे. हा नियम समजायला सोपा आहे. तो पाळायला अवघड आहे, कारण आग मारली की कारखाना थांबतो. साखर कारखान्यात रस खोळंबतो, गाड्यांची रांग वाढते, उतारा घसरतो. रंगाईत तागेच्या तागे वाया जातात. वीजकेंद्रात तासाला लाखोंचा हिशेब लागतो. एवढे नुकसान एका माणसाने आपल्या निर्णयावर ओढवून घ्यायचे, आणि तो निर्णय चुकीचा निघाला तर सकाळी साहेबापुढे उभे राहायचे! कायम नोकरीतला, संघटनेचा आधार असलेला अनुभवी माणूस हे धाडस करू शकतो. ठेकेदाराच्या मस्टरवरचा, उद्या बोलावणे येईल की नाही याची खात्री नसलेला माणूस ते कोणत्या बळावर करील?

यातच खरी गोम आहे. कायदा भांड्याची वार्षिक तपासणी करतो, कायदा अटेंडंटला पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र मागतो. परंतु प्रमाणपत्रधारक अटेंडंटला ठेकेदाराच्या हवाली करण्यास अडवत नाही. त्याने केव्हाही आग मारली तरी त्याच्या पगाराला वा नोकरीला धक्का लागणार नाही, असे बजावून सांगत नाही. परिणामी शेडमध्ये प्रमाणपत्र एकाचे आणि पहारा दुसऱ्याचा, असा प्रकार सर्रास चालतो. रात्रपाळीत तोच माणूस कोळसा ओढतो, राख काढतो, पंप पाहतो आणि मधूनमधून काचेकडेही पाहतो. पाण्याची पातळी खाली गेल्यावर कर्णा वाजवणारे उपकरण असते खरे. पण वारंवार वाजून उत्पादनात अडथळा आणते म्हणून त्याची तार काढून ठेवलेली असेल, तर ती कोणाच्या तोंडी हुकुमाने निघाली हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते.

या देशातील कामगार चळवळीला ही गोष्ट पूर्वी नीट कळली होती. १९७३ सालच्या ऑगस्टमध्ये रेल्वेच्या लोको कामगारांनी देशभर संप केला. त्यांची प्रमुख मागणी कामाच्या तासांची होती. सलग दहा तासांहून अधिक काम नको, एवढेच ते म्हणत होते. भट्टीच्या धगीत उभे राहून कोळसा मारणाऱ्या फायरमनची ती मागणी वरवर पाहता विश्रांतीची होती, पण तिच्यात मागच्या डब्यांतील हजारो प्रवाशांच्या जिवाची हमी होती. थकलेल्या माणसाच्या हाती दाबाचे भांडे देऊ नये, हे सूत्र त्या संपाने देशापुढे मांडले. आज रुळांवर ती भट्टी उरलेली नाही. शेडमधली भट्टी मात्र धगधगते आहे आणि तिच्याशेजारी उभा असलेला माणूस कित्येक ठिकाणी बारा तास उभा आहे.

कायद्याच्या उंबरठ्याबाहेर

मोठ्या कारखान्यांत निदान दाखला असतो. लहान उद्योगांत आणखी एक वाट काढली जाते. पंचवीस लिटरांहून कमी क्षमतेचे भांडे कायद्याच्या व्याख्येत बॉयलर ठरत नाही. त्यामुळे वेटोळ्या नळीचे, थोडे पाणी मावणारे बॉयलर बाजारात नॉन-आयबीआर या नावाने विकले जातात. निरीक्षकाची कटकट नाही, प्रमाणपत्रधारक अटेंडंट ठेवण्याचा खर्च नाही, ही त्यांची जाहिरात असते. पाणी कमी म्हणून स्फोटाची ताकद कमी, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला भाजायला दोन बादल्या पाणीही पुरेसे असते. तेल तापवणारे थर्मिक फ्लुइड हीटर तर वाफ करीतच नाहीत, म्हणून ते बॉयलर कायद्याच्या बाहेरच. भरीला नव्या कामगार संहितेने सर्वसाधारण कारखान्याच्या व्याख्येत विजेवर चालणाऱ्या उद्योगासाठी कामगारांची किमान संख्या दहावरून वीस केली आहे. पंधरा माणसांच्या सायझिंगचा बॉयलर कायद्यात, पण पंधरा माणसे कारखान्याच्या व्याख्येबाहेर, असा विपरीत प्रकार यातून संभवतो.

शब्दांची ढिलाईही या अंधाराला हातभार लावते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळी पहिली बातमी बॉयलर फुटल्याची आली. दोन्ही वेळी कारण रसायनांचे होते. २०२४ मध्ये तर रिॲक्टरचा स्फोट झाला होता. कारखान्यात काहीही फुटले की बॉयलर फुटला, असे म्हणण्याची सवय वृत्तपत्रांना आणि पुढाऱ्यांना लागली आहे. तीमुळे रसायनांच्या साठ्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते पहिले काही दिवस निर्धास्त राहतात, आणि खरोखर बॉयलर फुटतो तेव्हाही त्याची नीट मीमांसा होत नाही. १८८२ साली ब्रिटिश सरकारला जमलेली गोष्ट, म्हणजे प्रत्येक स्फोटाच्या चौकशीचा अहवाल छापून लोकांपुढे ठेवणे, ती येथे आजही नेमाने होत नाही. अहवाल विभागाच्या कपाटात पडून राहतो. त्यामुळे नेयवेलीतून एकलहरेने काय शिकायचे, हे एकलहरेच्या कामगाराला कधी कळतच नाही.

काय मागावे?

या परिस्थितीत चळवळीच्या मागण्या स्पष्ट आणि मोजक्या असाव्यात. पहिली मागणी तपासणीची. तिसऱ्या पक्षाची तपासणी राहणारच असेल, तर तपासनीस निवडण्याचा अधिकार मालकाकडे असू नये. मालकाने शुल्क सरकारी निधीत भरावे आणि तपासनिसाची नेमणूक संचालनालयाने करावी. दरसाल काही बॉयलरांची अकस्मात फेरतपासणी सरकारी निरीक्षकांनी करावी आणि त्यासाठी निरीक्षकांची पुरेशी पदे भरावीत. दुसरी मागणी माणसाची. बॉयलरवरील काम बारमाही गरजेचे असो वा हंगामी, ते ठेकेदाराला देण्यास बंदी असावी. पाळी आठ तासांची असावी. धोका दिसताच आग मारण्याचा अटेंडंटचा अधिकार लेखी असावा, आणि तो बजावल्याबद्दल त्याला शिक्षा करणे हाच अपराध ठरावा. तिसरी मागणी उघडेपणाची. बॉयलरचा दाखला, मागील तपासणीतील शेरे आणि दुरुस्तीच्या नोंदी शेडच्या दारावर मराठीत लावाव्यात व त्यांची प्रत कामगार प्रतिनिधीला मिळावी. प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावा. कायद्याच्या व्याख्येबाहेरच्या लहान भांड्यांची किमान नोंदणी तरी व्हावी.

यांपैकी एकाही मागणीसाठी उद्योग बंद पडण्याची गरज नाही. काही मागण्यांसाठी तर कायदा बदलण्याचीही वाट पाहावी लागत नाही. सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांत चळवळीतून आलेली माणसे आहेत, कामगार संघटना तेथे जुन्या आहेत. पुढल्या वेतनकराराच्या मसुद्यात महागाई भत्त्याच्या कलमाखाली आग मारण्याच्या अधिकाराचे एक कलम घालणे त्यांच्या हातात आहे. पगारवाढीच्या आकड्यासाठी रात्ररात्र घासाघीस करणाऱ्या संघटनांनी या एका कलमासाठी एक तास दिला, तरी त्याचे मोल पुढे कळेल. सायझिंग आणि रंगाईच्या लहान शेडपर्यंत संघटना पोचलेली नसेल, तर तेथे पोचण्यासाठी याहून चांगले निमित्त मिळणार नाही. वेतनाच्या प्रश्नावर मालकाला घाबरणारा कामगार जिवाच्या प्रश्नावर बोलतो, हा कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आरंभ म्हणून एक साधे काम करावे. आपल्या परिसरातील धुराडी मोजावीत. प्रत्येक धुराड्याखाली कोण बसते, त्याचे नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे, त्याची पाळी किती तासांची आहे, त्याच्याजवळ स्वतःचे प्रमाणपत्र आहे की भिंतीवर दुसऱ्याचे टांगले आहे, याची वही करावी. तालुक्यातालुक्यांतून अशा वह्या जमल्या, तर बाष्पके संचालनालयाशी आणि कामगार खात्याशी बोलताना चळवळीच्या हाती तक्रारींऐवजी नोंदी असतील. नोंदींना उत्तर द्यावे लागते.

येत्या दसऱ्यालाही अग्निप्रदीपन होईल आणि व्हायला हरकत नाही. आग हे शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या वर्षभराच्या भाकरीचे साधन आहे, तिची पूजा कोणी करीत असेल तर करो. पण अग्नी पेटवण्याचा मान ज्यांना मिळतो त्यांनी त्याच दिवशी, त्याच मांडवात, बॉयलर अटेंडंटच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर अध्यक्षांची सही असावी आणि मजकूर एवढाच असावा की, धोका वाटल्यास ही आग विझवण्याचा अधिकार याला आहे आणि त्याबद्दल त्याला कोणीही जाब विचारणार नाही.